कानस आणि कार्बोरेटर

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कासू गावात दोन आवाज हमखास कानावर पडतात. एक पेणहून नागोठण्याकडे निघालेल्या रोह्याच्या गाडीचा, आणि दुसरा कुणाच्या तरी परसात दोरी ओढल्याचा. खर्र, मग शांतता. पुन्हा खर्र, पुन्हा शांतता. कौलांवर आलेली आंब्याची फांदी पावसाआधी उतरवायची असते, विजेच्या तारेला टेकलेली सुबाभूळ काढायची असते, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत झक्कास चाललेलं कटर आज पंचवीस वेळा दोरी ओढली तरी भक् म्हणायला तयार नसतं. खांदा भरून येतो, हाताला फोड येतो, आणि मग मशीन घेऊन पेणचा रस्ता धरावा लागतो. तिथे मिस्त्रीकडे आधीच सात-आठ मशीन रांगेत पडलेली असतात. सगळ्यांची तक्रार तीच असते.

इंग्रजीत याला चेनसॉ म्हणतात. आपल्याकडे कटर, लाकूड कापायचं मशीन, किंवा नुसतंच मशीन. त्याच्याविषयीच्या तक्रारी मी गेली काही वर्षं माझ्या आणि शेजारच्या घरांत पाहत आलो आहे, आणि एक गोष्ट मला पक्की पटली आहे. हे यंत्र चालून कमी बिघडतं, बसून जास्त. वर्षातले अकरा महिने ते माळ्यावर असतं आणि खरं नुकसान तिथे होतं.

ते कसं, हे समजून घ्यायचं तर पेट्रोलपासून सुरुवात करावी लागेल.

कटरचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं, आणि ते मिश्रण इंजिनाच्या पोटातून जाता जाता बेअरिंग, पिस्टन, सिलेंडर यांना तेल पुरवतं. प्रमाण मशीनसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसास एक म्हणजे ४० मिलिलिटर. आमच्याकडे मात्र माप असतं टोपणाचं. कुणाचं टोपण मोठं, कुणाचं लहान, कुणी ‘जरा जास्त असलेलं बरं’ म्हणून आणखी एक ओततो. जास्त झालं की धूर, प्लगवर काळा ओला थर, सायलेन्सरच्या जाळीत काजळी, आणि हळूहळू पिकअप जातो. कमी झालं की पिस्टन सिलेंडरला घासून जाम होतो, आणि ते दुखणं बोअर-पिस्टन बदलल्याशिवाय जात नाही. मोटरसायकलच्या इंजिनात घालायचं तेल इथे मुळीच चालत नाही. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. औषधाच्या बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज हे काम अचूक करते, आणि ती प्रत्येक घरात असते.

दुसरी गोष्ट अलीकडची. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विक्रीला आलं आणि पुढच्या दोन वर्षांत तेच सगळीकडच्या पंपांवर मिळू लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जी मोटरसायकल रोज चालते तिच्या टाकीत पेट्रोल फार दिवस टिकतच नाही, त्यामुळे तिला याची झळ कमी. कटरच्या टाकीत मात्र मेमध्ये उरलेलं पाव लिटर पेट्रोल जून, जुलै, ऑगस्ट तसंच पडून राहतं. कोकणातला पावसाळा म्हणजे भिंतीला हात लावला तरी ओला होतो. टाकीतल्या हवेतून ओल इथेनॉलमध्ये उतरते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आता टाकीतला फिल्टर कुठे असतो? तो वजनदार असतो, मशीन कसंही धरलं तरी तळाशी पडावा म्हणून. म्हणजे दोरी ओढल्यावर इंजिन पहिला घोट घेतं तो पाणी मिसळलेल्या, तेल नसलेल्या द्रवाचा. ते सुरू झालं नाही तर नशीब समजा; सुरू होऊन तसंच चाललं तर पिस्टन गेला.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर काचेची उभी बाटली घ्यावी, तीत दहा भाग पेट्रोल आणि एक भाग पाणी घालून झाकण लावून हलवावं आणि ठेवून द्यावं. थोड्या वेळाने खालचा थर ओतलेल्या पाण्यापेक्षा बराच जाड दिसतो. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याने आपल्याकडे ओढलेलं असतं. हा प्रयोग चुलीपासून आणि मुलांपासून लांब, अंगणात करावा, आणि ते पेट्रोल पुन्हा मशीनमध्ये घालू नये.

त्यापुढचा बळी कार्बोरेटर. जुन्या स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी असते आणि तीत तरंगणारा फ्लोट पातळी राखतो. ही रचना उभी असेल तोवरच चालते. फांदी कापताना मशीन आडवं धरावं लागतं, कधी उलटंही. म्हणून १९५० च्या सुमारापासून कटरमध्ये वाटी गेली आणि तिच्या जागी पातळ पडदे आले. इंजिनातल्या दाबाच्या चढउताराबरोबर पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढत राहतो. एका माणसाने उचलून हवं तसं फिरवायचं मशीन शक्य झालं ते बऱ्याच अंशी या पडद्यामुळे. पण तोच पडदा शिळ्या पेट्रोलमध्ये महिनोन्‌महिने भिजला की कडक होतो, आणि पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला चिकट थर केसासारखी बारीक भोकं बुजवतो. मिस्त्रीकडे गेल्यावर बहुतेक वेळा अख्खा कार्बोरेटर बदलला जातो. पडद्यांचा संच त्याहून पुष्कळ स्वस्त असतो, पण तो त्या मॉडेलचा मिळायला हवा, आणि रांगेतली आठ मशीन पाहता मिस्त्रीलाही वेळ नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय साधा आहे. शेवटची फांदी कापून झाली की टाकी रिकामी करायची, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. दहा मिनिटांचं काम. रेनकोट बाहेर काढायच्या दिवशी हे करावं असं मी स्वतःला बांधून घेतलं आहे.

दोरीविषयीही एक सांगायला हवं, कारण अर्धी मशीन बिघडलेली नसतातच, ती पेट्रोलने बुडालेली असतात. चोक ओढून दोरी ओढायची ती पहिला ‘भक्’ येईपर्यंतच. इंजिन एवढंच म्हणतं आणि बंद पडतं. नेमकं तेव्हा चोक काढायचा असतो. इथे माणूस चुकतो. भक् ऐकू येत नाही किंवा ऐकूनही तो तसाच ओढत राहतो, आणि सिलेंडरमध्ये पेट्रोल साचून प्लग भिजतो. मग प्लग काढावा, पुसावा, चोक काढून सात-आठ वेळा रिकामी दोरी ओढावी, प्लग लावावा. पेणची खेप वाचते.

आता साखळी.

कापणाऱ्या साखळीचा जन्म जंगलातला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली. लाकडासाठी इंजिनावरची साखळी यायला पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली: जर्मनीत अँड्रियास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचं मशीन केलं, १९२९ मध्ये पेट्रोलवरचं. ती उचलायला दोन माणसं लागत. साखळीचे दातही साध्या करवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे. ते भराभर बोथट होत आणि धार लावता लावता दिवस जाई. यातून सुटका झाली ती एका अळीमुळे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या सरपण फोडत असताना त्याला ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. ती लाकडात उभं-आडवं कसंही सहज पोखरत चालली होती. तिचे दोन वाकडे जबडे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आळीपाळीने लाकूड सोलत होते. कॉक्सने पोलादात तसाच दात बनवला आणि १९४७ मध्ये ती साखळी बाजारात आणली. आज कासूतल्या कुठल्याही कटरची साखळी हातात घ्या, एक पातं डावं, एक उजवं. आपल्या आंब्याच्या खोडातला भिरूड ज्याने पाहिला आहे, भुसा बाहेर टाकत तो बुंधा कसा पोकळ करतो हे ज्याला माहीत आहे, त्याला कॉक्सने काय पाहिलं असेल ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या पात्याचं काम किती वेगाने चालतं याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ०.३२५ इंच पिचची, म्हणजे कड्यांमधल्या अंतराची, साखळी आणि तिला फिरवणारं सात दातांचं स्प्रॉकेट धरलं तर इंजिनाच्या एका फेऱ्याला साखळी साडेअकरा सेंटिमीटर सरकते. मिनिटाला दहा हजार फेरे झाले तर ती ताशी ७० किलोमीटरच्या घरात धावते. महामार्गावरच्या एसटीचा वेग आहे हा, आणि तो आपल्या हातापासून वीतभर लांब. एवढ्या वेगाने पातं एकदा दगडाला किंवा मातीला लागलं की धार गेलीच. रस्त्याकडेच्या झाडांत तर पाट्यांसाठी ठोकलेले खिळे असतात, वर सालीने झाकलेले. ते दिसतही नाहीत.

धार गेली हे ओळखायचं भुशावरून. नारळ खोवताना पडतो तसा जाडसर चव पडत असेल तर धार आहे. पिठासारखी धूळ उडत असेल तर धार गेली. बोथट साखळी लाकडात शिरत नाही म्हणून माणूस मशीनवर जोर देतो. जोराने बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी, तापतो, क्लच घसरतो, इंजिन ओढ खातं, पेट्रोल दुप्पट लागतं आणि पाठ धरते. मग तो म्हणतो, मशीनमध्ये दम राहिला नाही. मशीन ठणठणीत असतं.

हे मला फार लागतं, कारण धारेचं ज्ञान आपल्याकडे कमी नव्हतं. इथला शेतकरी राबासाठी ऐनाचा टाहाळ तोडायला निघतो तेव्हा कमरेच्या आकडीला कोयता असतो आणि त्याची धार तो अंगठ्याने पाहतो. सहाणेवर कोयता किती वेळ घासायचा, कुठल्या कोनात, हे घरोघरी बाप मुलाला दाखवत आला. कटर आलं आणि तीच माणसं धार लावायला साखळी उतरवून पेणला पाठवू लागली, किंवा बोथट झाली की नवी घेऊ लागली. लागते काय, तर एक गोल कानस. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटर जाडीची, लहान मशीनच्या बारीक साखळीला ४ मिलिमीटरची. पात्याच्या माथ्यावर बहुतेक वेळा तीस अंशांची रेघ कोरलेली असते, कानस तिला समांतर धरायची. आतून बाहेर, एकाच दिशेने. मागे आणताना उचलायची. प्रत्येक पात्याला सारखेच घास, तीन तर तीन. एका बाजूची सगळी पाती झाली की दुसरी बाजू. ७२ कड्यांच्या साखळीत ३६ पाती, म्हणजे बाजूला अठरा. डाव्या-उजव्यात फरक राहिला तर काप सरळ जात नाही, केळ्यासारखा वाकतो. तीन-चार धारांनंतर पात्यापुढचा बुटका दातही सपाट कानसीने थोडा उतरवावा लागतो, कारण पातं किती खोल शिरेल हे तो ठरवतो, ०.६५ मिलिमीटर फरक पुरे. लोभाने जास्त उतरवला तर मशीन उसळतं.

उसळण्यावर इथे थांबलंच पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की साखळी अडते आणि सगळी ताकद बारला वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकते. डोळ्याचं पातं लवायच्या आत. पुढच्या हँडलसमोरची दांडी म्हणजे साखळीचा ब्रेक, तो यासाठी आहे. मशीन जमिनीवर टेकवून, अर्ध्या रेसवर ती दांडी पुढे ढकलून साखळी जागच्या जागी थांबते का, हे प्रत्येकाने पाहिलं पाहिजे. मी पायात स्लिपर घालून, लुंगी खोचून झाडावर मशीन चालवणारी माणसं पाहतो तेव्हा माझा जीव खालीवर होतो. कामगार रोजावर असतो, मशीन दुसऱ्याचं असतं, बूट कुणी द्यायचे हे ठरलेलं नसतं.

एवढी मशीन आमच्याकडे आली कशी, याचा मोठा भाग एका दिवसात आहे. ३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा घेऊन. किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, रायगडभर रस्त्यांवर झाडं पडली, खांब मोडले, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्याआधी आम्ही कटर पाहिलं होतं ते महामार्गाच्या कामावर. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा कागदावर नेमका आमच्या गावाशी दुभागतो, पळस्पे-कासू ४२ आणि कासू-इंदापूर ४२, आणि त्या रुंदीकरणात जुन्या रस्त्यावरची सावली कटरच्या आवाजात गेली. ते ठेकेदाराचं हत्यार होतं. निसर्गानंतर एनडीआरएफच्या जवानांनी त्याच मशीनने रस्ते मोकळे केलेले लोकांनी पाहिले, आणि आपल्या दारात पडलेलं झाड उचलायला कुणी येणार नाही हेही पाहिलं. टाळेबंदी होती. ज्याला जे मिळालं ते त्याने घेतलं. मीही घेतलं.

त्या वेळी घेतलेली बरीच मशीन एका साच्याची होती: ५८ सीसीचं इंजिन, बावीस इंची बार, रंग आणि नाव दर डब्यावर वेगळं. नामांकित कंपनीच्या मशीनच्या पाव किमतीत. ती वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. जपून वापरली तर वर्षं काढतात. त्रास होतो सुट्या भागांचा. डब्यावरच्या नावाने दुकानात काही मिळत नाही. फोटो दाखवून आणलेली साखळी बारवर बसत नाही, कारण साखळीला तीन मापं असतात आणि तिन्ही जुळावी लागतात: पिच, खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, आणि कड्यांची संख्या. ०.३२५, ०.०५८, ८६ हे माझ्या मशीनचे आकडे. ते बहुधा बारच्या बुडाशी ठोकलेले असतात, पण भुसा आणि तेलाच्या थराखाली दिसत नाहीत. घासून वाचावेत आणि मशीनच्या पेटीत झाकणाच्या आतून लिहून ठेवावेत. दोन खेपा आणि एक चुकीची साखळी घालवल्यावर मी हे केलं.

वादळात पडलेलं झाड कापणं हे उभं झाड पाडण्याहून अवघड असतं. दोन टोकांवर टेकलेलं खोड मध्ये वाकलेलं असतं. वरची बाजू दबलेली, खालची ताणलेली. वरूनच कापत गेलं की काप मिटतो आणि बार आत अडकतो. आधी वरून थोडं, मग खालून, आणि हाताशी लाकडाची पाचर. नारळाचं खोड तर बाहेरून कठीण, आतून तंतुमय. साखळी लवकर बोथट होते आणि चोथा स्प्रॉकेटच्या झाकणात गच्च बसतो. बारला तेल मिळतंय का हे पाहायला बारचं टोक कोरड्या बुंध्यासमोर धरून रेस द्यावी. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. त्या टाकीत बरेच जण गाडीचं जळकं ऑइल घालतात. ते पातळ झालेलं असतं, त्यात लोखंडाचा कीस असतो, आणि बारची खाच त्याने झिजते. काम संपल्यावर साखळी जरा ढिली करून ठेवावी, कारण गरम असताना ताणलेली साखळी निवताना आकसते आणि बेअरिंगवर ओढ देते.

मशीन मालकाचा आणखी एक जाच आहे, तो शेजारधर्माचा. ‘दादा, जरा कटर दे, तासाभरात आणून देतो.’ नाही म्हणवत नाही. परत येतं तेव्हा टाकीत काय होतं ते कळत नाही, आणि साखळीने माती खाल्लेली असते. पण धारेपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. राखीव जंगलात कुणी झाड कापलं तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली लाकडासोबत हत्यारही जप्त होऊ शकतं. मशीन तुमचं आणि हात दुसऱ्याचा असला तरी मशीन जाऊ शकतं. फिलिपिन्समध्ये तर २००२ पासून कटर बाळगायलाच सरकारी नोंदणी लागते. म्हणून देताना कुठलं झाड, कुठे आहे, हे विचारावं. त्यात उद्धटपणा काही नाही. आणि बिल सांभाळावं.

बिलाचा उपयोग विकतानाही होतो. निसर्गानंतर घेतलेली मशीन वर्ष-दोन वर्षांत विकायला निघाली, कारण पडलेली झाडं संपली होती आणि दोरी ओढून मशीन सुरू होत नव्हती. गिऱ्हाईक अर्ध्यावरून बोलायला सुरुवात करतं, आणि ज्याचं मशीन खरोखर चांगलं आहे त्यालाही तोच भाव ऐकावा लागतो, कारण चांगलं-वाईट कसं ओळखायचं हे दोघांनाही माहीत नसतं. माहीत असेल तर पाच मिनिटं पुरतात. आधी सायलेन्सरला हात लावून पाहायचा. गरम असेल तर मालकाने आधीच चालवून ठेवलंय, ते थंड होईपर्यंत थांबायचं. मग दोरीच्या मुठीला धरून मशीन सावकाश लोंबकळत सोडायचं. दाब चांगला असेल तर ते अडखळत, हळूहळू खाली येतं. सरसर आलं तर सिलेंडर झिजलेला. सायलेन्सर सोडून आतल्या भोकातून पिस्टन पाहायचा, उभे ओरखडे दिसले तर घेऊ नये. प्लग कॉफीच्या रंगाचा हवा. आणि रेस सोडल्यावर साखळी फिरता कामा नये.

माझं मशीन मी गेल्या मे महिन्यात विकलं, लहान बारचं एक घ्यायचं होतं म्हणून. घेणारा नागोठण्याच्या बाजूचा, कासू स्टेशनवर उतरून चालत आला. मी त्याला मशीन थंड दिलं. त्याने दोरी धरून ते लोंबकळत सोडलं, दोनदा. तिसऱ्या ओढीला ते भक् म्हणालं, त्याने चोक काढला, आणि पुढच्या ओढीला ते लागलं. अंगणातल्या सुक्या ओंडक्यावर एक चकती कापून त्याने खाली वाकून भुसा चिमटीत घेतला. पैसे मोजून झाल्यावर मी टाकीतलं पेट्रोल काढून घेऊ लागलो तेव्हा तो म्हणाला, ‘राहू द्या की काका, माझी गाडीची वेळ होतेय.’ मी ते काढलंच. कानस त्याच्या पिशवीत आधीच होती, मूठ वापरून गुळगुळीत झालेली.